बांधावरची मशीन आन् आजऱ्याच्या इनबाई

२७ सप्टेंबर, शनिवार

पयल्यांदा आल्या त्या इनबाईच. शालन मागनं पिशव्या घिऊन, आन् ह्या फुडं, छत्री काठीसारखी टेकत. शालनची सासू म्हंजे पायाला भिंगरी. आजऱ्यासनं अंबाबाईच्या दर्शनाला निघाल्यात, म्हटल्या वाटंत कागल लागतंय तर लेकीला आईचं तोंड दावून चा पिऊन जाऊ. चा कसला, नवरात्राचा उपास दोघींचा बी. बरं झालं सकाळीच शाबू भिजत घातलाता. शेजारची आक्काताई लगीच डोकावली, साखर मागायच्या निमित्तानं. कारखान्याची साखर तिच्या घरात पोत्यानं हाय. कोण आलंय ते बघायचं हुतं तिला, दुसरं काय न्हाय.

शाबू खाता खाता इनबाईंनी माझ्या सुनंचं इचारलं, सुरेखा दिसंना. मी म्हटलं वड्याकडच्या बांधावर हाय, म्हशींस्नी गवत कापाय. विळा घिऊन एकटीच? म्हटलं न्हाय ओ, मशीनीनं. तवर आवाज आलाच तिकडनं, घुर्रर घुर्रर. इनबाईंचा हात तितल्या तितं थांबला. मला वाटलं शाबूत खडा लागला का काय.

मग माझ्या ध्येनात आलं. मी येडी, कुणाफुडं काय बोलावं कळत न्हाय. गेल्या साली दसरा झाल्यावर जावयाला, म्हंजे आमच्या दत्ताला, असल्याच मशीनीतनं दगड उडून नडगीवर बसला. हाड मोडलं. आत सळी घातली, चार म्हैने खाटंवर. अजून उताराला पाय ओढत चालतोय. तवापासनं तिकडची मशीन खोलीत कुलपात, आन् किल्ली इनबाईंच्या कमरंला.

शालननं मला चुलीपाशी गाठलं. काजूच्या बागंत गवत गळ्यापतोर आलंय म्हणं. कापाय माणूस मिळंना. झाडाखालचं साफ झालं न्हाय तर मोहोर आल्यावर फवाराय आत जायचं कसं, आन् काजू पडली तर गवतात हुडकायची कशी. दत्ताला आता मशीन खांद्यावर पेलत न्हाय. म्हटली, "आये, मला वैनीकडनं शिकायचं हाय. तेवढं आत्तीस्नी तू इचार की."

इचारलं मी. इचारलं म्हंजे आडनं-आडनं, आमची सुरेखा कशी झ्याक चालवती हे सांगत सांगत. इनबाईंनी ताट बाजूला सारलं.

"घरातला एक पाय गेलाय. दुसरा न्हाय द्यायचा."

आक्काताई साखर न घेताच उठली.

जाताना मातूर बऱ्या बोलल्या. दसऱ्यानंतर रविवारी सोनं द्यायला येतो म्हटल्या, ५ तारखेला. शालन मागं बघत बघत गेली.


२८ सप्टेंबर, रविवार

रात्री डोळ्याला डोळा न्हाय. लेकीचं त्वांड आठवत ऱ्हायलं. लहानपणी असंच करायची, हवं ते मागायची न्हाय, नुसतं बघत बसायची. तिसरीत असताना जत्रंत एका बाहुलीकडं अशी बघत हुती की बाहुलीवालाच कंटाळून म्हटला घिऊन जावा, निम्म्यात देतो.

तर मशीनीचं. मशीन आणली प्रकाशनं, माझ्या पोरानं, स्वतासाठी. एमआयडीसीत पाळ्या करून त्याला टाइम कुठला. सहा म्हैने गोठ्यात खुंटीला टांगलेली, वर कोंबड्या बसायच्या. मग तालुक्याला बायकांचं शिबीर झालं तीन दिवसांचं, सुरेखा गेली न् शिकून आली. प्रकाश हसला तिला. म्हटला मशीन तुला घिऊन जाईल का तू मशीनीला. आता सुट्टीदिवशी त्योच म्हणतोय, तेवढा खालचा बांध मार की.

माझं काम फडकं हलवायचं. लाल फडकं, माझ्याच जुन्या लुगड्याचं. मशीन चालू असली की सुरेखाच्या कानावर करवंटीगत झाकण असतंय, बोंबललं तरी आयकू जात न्हाय. म्हणून मी लांब समोरच्या बांधावर उभी ऱ्हायची, तिला दिसंल अशी. कोण आलं, कुत्रं आलं, वासरू सुटलं, की फडकं वर. फडकं दिसलं की ती रेस सोडती न् मशीन बंद करती. बंद म्हंजे बंद, नुसती हळू न्हाय. मागनं जाऊन खांद्याला हात लावायचा न्हाय कुणीच. ती दचकून वळली तर पातं बी तिच्यासंगं वळतंय. पयल्या दिवशी प्रकाश असाच मागनं गेला चा घिऊन, तर चा राहिला बाजूला, शिव्या खाल्ल्या त्यानं. बायकूच्या शिव्या गोड असत्यात म्हणं. त्याचं त्योच जाणं.

नातीनं पुठ्ठ्यावर लिवून दिलंय, "मशीन चालू हाय. पन्नास फूट लांब ऱ्हावा." त्यो पुठ्ठा काठीला बांधून मी बांधावर रोवती. जुई सातवीत हाय पण अक्षर तलाठ्यासारखं. ही वही बी तिचीच, गेल्या सालची, निम्मी कोरी ऱ्हायलेली.


२९ सप्टेंबर, सोमवार

आज वरचा बांध. ऊन लखलखीत.

सुरेखाचं निघणं म्हंजे वरातच. प्रकाशची जुनी पॅन्ट, गुडघ्यापतोर गमबूट, हातात जाड मोजं. बांगड्या काढून डब्यात. मंगळसूत्र झंपरच्या आत. पदर-ओढणी लोंबतं काय बी नको, गरकन पात्यात गेलं की संपलं. डोळ्याला चष्मा, वर जाळीचं झाकण. आक्काताई म्हणती बाई हाय का चांदावर चाललीया. सुरेखा म्हटली, "चांदावर दगड उडत न्हाईत मावशी, हितं उडत्यात."

मशीन चालू करायच्या आदी ती अख्खा बांध पायानं चालती. दगड, काचा, तारंचं तुकडं, बाटल्या, सगळं वेचून पाटीत. रस्त्याकडच्या बाजूला दारूच्या बाटल्या किती म्हणून सांगू. पिणाऱ्यांस्नी आमचाच बांध घावतोय.

मग पेट्रोल. गरम मशीनीत कवा घालत न्हाय, गार होऊ देती, आन् जितं भरलं तितं चालू करत न्हाय, धा पावलं लांब नेती. पट्टा खांद्यावर नीट बसवती. मग उजवीकडनं डावीकडं, अंगण झाडल्यासारखं. पातं गुडघ्याच्या वर कधी न्हाय. घराजवळ, कुंपणाच्या कडंला पातं लावतच न्हाय, तंगूस, म्हंजे नायलॉनचा दोरा लावती. दोऱ्याचा फेरा, भिंतीला लागला तर तुटतो, उडत न्हाय.

अर्धा तास झाला की थांबती, हात झाडती. हाताला मुंग्या येत्यात. मी पाण्याचा तांब्या नेती.

हे सगळं कसं सरळ हाय. इनबाईंस्नी एकदा नुसतं उभं करून दावलं असतं तर. पण त्या आवाजालाच दचकत्यात.


१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळधरनं धावपळ. विळं, खुरपी, कोयतं, कुदळ, प्रकाशचं पान्हं, सुरेखाची शिवणाची मशीन, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं. ऊसतोडीच्या कोयत्याला धार लावून ठेवलीया, त्याला जरा लांबनंच हळदकुकू.

गवताची मशीन आडवी ठेवली तर पातं गार्डाच्या, म्हंजे वरच्या झाकणाच्या आत. कुकू लावाय बोट जाईना. मी प्रकाशला म्हटलं, अरं वर्षभर राबती ती, तिच्या हत्याराला कुकू नको व्हय? त्यानं पाळीला जायच्या आदी नट ढिलं करून पातं हातात दिलं. चिंचंनं घासलं, असं चकाकलं की त्वांड बघावं. पाटावर मधोमध ठेवलं. झेंडूचं फूल, हळद, कुकू. सुरेखा आत पुरणाला बसलीती, बाहेर येऊन बघून हसली.

सांजच्याला पातं मीच बसवलं. तिला कशाला उठवायचं पुरणातनं. नट जरा तऱ्हेवाईक हाय, उलटंच धरतंय. पण बोटानं फिरवत फिरवत बसलं. मग पान्ह्यानं शेवटचा आवळा दिला, बरणीचं झाकण लावताना देतो तसा, उजवीकडं. जरासं फिरलं. छान वाटलं मला. सत्तरीच्या बाईला बी येतंय की.

पुरणपोळ्या बावीस झाल्या. जुईनं चार खाल्ल्या.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं लुटलं. लहान पोरं पाया पडून पडून दमली, माझी कंबर आशीर्वाद देऊन दमली. मशीनीला आज हात न्हाय.


४ ऑक्टोबर, शनिवार

काल न् आज पावसाची भुरभुर. बांध निसरडा, म्हणून सुरेखा काल बी गेली न्हाय, आज बी न्हाय. म्हशींस्नी उसाचं वाडं. उद्या ऊन पडूदे.

उद्या इनबाई यायच्या. शालनचा फोन, आत्ती यायला तयार हायत पण मशीनीचं नाव काढू नको म्हणाल्यात. मी सुरेखाला म्हटलं, नाव न्हाय काढायचं, पण गवत काय त्या आल्या म्हणून वाढायचं थांबतंय व्हय. सुरेखा म्हटली, आत्ती तुम्ही लई बेरकी. मी काय बेरकी न्हाय. म्हशींचं पोट माझ्या हातात न्हाय.


५ ऑक्टोबर, रविवार

ऊन पडलं. बारा वाजता आल्या दोघी. सोनं दिलं, जेवणं झाली. तीनला सुरेखा उठली, पॅन्ट चढवली. इनबाईंस्नी म्हटली मावशी, म्हशींचं बघाय पायजे, तुम्ही हितं बसा न्हायतर बांधावर या, लांबनं. इनबाई बसूनच ऱ्हायल्या. मग काय वाटलं कुणास ठावं, उठल्या, चपला घातल्या, आल्या.

आता लिवायला नको वाटतंय पण लिवती.

मशीन चालू करायच्या आदी सुरेखा प्लगची टोपी काढती. टोपी काढली की मशीन काय केलं तरी चालू होत न्हाय. मग मोजं घातलेल्या हातानं पातं धरून हलवून बघती. रोज. आज हलवलं तर पातं खडखडलं. ढिलं. पडाय आलेला दात हालतो तसं.

तिनं वर बघितलं. "आत्ती, पूजा झाल्यावर पातं कुणी बसवलं?"

माझ्या ओठावर आलंतं प्रकाश म्हणाय. त्यो हितं न्हवता, कुणाला कळणार हुतं. बाजूला इनबाई, बाजूला शालन. पण पोरगी रोज ज्या पात्यावर इस्वास ठेवती त्याचं खोटं कसं बोलू. म्हटलं, "मी."

सुरेखा रागावली न्हाय. म्हटली ह्याचं आटं उलटं असत्यात, डावीकडं आवळायचं, उजवीकडं फिरवलं की सुटतंय. पातं फिरतंय त्याच्या उलट, म्हंजे चालताना आपोआप सुटू नये म्हणून तसं केलंय म्हणं. तुम्ही आवळलं न्हाय, सोडलं. तशीच चालू केली असती तर पातं निघून गेलं असतं. कुठं ते सांगता येत न्हाय.

खाली बसली मी. शालननं पाणी दिलं. सुरेखानं भोकात सळी घालून दांडा अडवला, पान्हा माझ्या हातात दिला न् म्हटली आता तुम्हीच आवळा, डावीकडं. मी आवळलं. तिनं परत हलवून बघितलं, गार्डाचं स्क्रू बी बघितलं. मग टोपी लावली.

इनबाई सगळं बघत हुत्या. त्वांड पांढरं.

मग नेहमीसारखं. दगड वेचलं, पुठ्ठा रोवला, मी फडकं घिऊन समोर. इनबाई माझ्या शेजारी, शालन त्यांच्या पल्याड. सुरेखा झपाझप चालली, गवत आडवं पडत गेलं. असला वास सुटतो ताज्या गवताचा की म्हशींच्या आदी आपल्यालाच भूक लागावी. शालन तिच्या पायांकडं बघत हुती, पावलं कशी टाकती ते. मी मातूर माझ्या नटाचंच रडगाणं लावलंतं इनबाईंकडं. असं झालं बगा, तसं झालं बगा. आन् बोलण्याच्या नादात माझं ध्यान गेलं.

आक्काताई. मोबाइल घिऊन. पुठ्ठ्याच्या मागनं, सुरेखाच्या पाठीमागनं बांध धरून येत हुती, व्हिडिओ काढाय. इनबाईंनी माझ्या हातातलं फडकं हिसकलं न् दोन्ही हातांनी वर हलवलं, असं की खांदा निखळावा. सुरेखानं तवाच रेस सोडली. मशीन बंद. मागं वळली तर आक्काताई पंधरा पावलांवर.

इनबाई तरातरा गेल्या. आक्काताईला आजपतोर कुणी असं बोललं न्हवतं ह्या गावात. "ए बाई, वाचाय येत न्हाय का जीव वर आलाय? एवढं मोठं लिवलंय पोरीनं." आक्काताईनं मोबाइल पदराआड केला. मी दात काढलं न्हाईत, पण पोटात हसलीच. पावण्यांनी गावकऱ्यांस्नी दम दिलेला पयल्यांदाच बघितला.

मग शेवटपतोर फडकं इनबाईंच्याच हातात. मला परत दिलंच न्हाय.

कोजागिरी उद्या म्हणून रातच्याला ऱ्हावा म्हटलं. ऱ्हायल्या.


६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

पहाटं धारंला बसली तर इनबाई गोठ्यात आल्या. बादली पालथी घालून बसल्या. म्हैस पावण्यांस्नी बघून जरा बुजली, मग सोडली धार. मला वाटलं त्यांस्नी म्हशीचं काय इचारायचं असंल. कितीचं दूध देती, पेंड कुठली.

म्हटल्या, "तुम्ही काल ‘मी’ म्हटलासा. मला वर्षभर म्हणता आलं न्हाय."

मग सांगितलं. गेल्या खंडेनवमीला त्यांच्या मशीनीचं बी तसंच, कुकू लावाय बोट जाईना. त्यांनी गार्डच काढलं. सोपं निघालं, दोन स्क्रू. वाटलं हे तर सायकलच्या मडगार्डागत, चिखल उडू नये म्हणून असंल. लाल कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं, आन् परत लावायचं इसरलं. दत्तानं मशीन काढली तवा म्हटला गार्ड कुठं गेलं, मेस्त्रीनं ठेवून घेतलं वाटतं, आणीन नंतर. घाई हुती. तसाच गेला, पायात चपला. दगड गार्डाला लागायच्या जागी नडगीला लागला.

"सगळे मेस्त्रीला बोलले. मी दत्ताला बोलली. चपला घालून गेला, निष्काळजी हाय. गार्ड अजून माळ्यावर हाय."

मी म्हटलं, आता सांगा की, मी सांगितलं तर माझं काय वाईट झालं, सून हसली. त्या म्हटल्या, "इनबाई, तुमच्या नटानं कुणाचा पाय मोडला न्हाय."

बादली भरली न् फेस खाली सांडाय लागला तरी मी पिळतच बसलीती. शेवटी म्हटलं, शालनला मशीनपासनं लांब ठेवून त्याचा पाय नीट होत न्हाय. त्या म्हटल्या ठावं हाय. लई येळ बसल्या. रेडकाच्या पाठीवरनं हात फिरवत.

न्ह्यारी झाल्यावर काय झालं, तर इनबाईच सुरेखाला म्हटल्या, शालनला नुसती खांद्यावर घिऊन दाव. चालू न्हाय करायची. सुरेखानं टोपी काढली, पट्टा शालनच्या उंचीला बसवला, मोजं दिलं. शालन उभी राहिली बंद मशीन घिऊन, उजवीकडनं डावीकडं, उजवीकडनं डावीकडं. इनबाई पन्नास फुटांवर. बंद मशीनीला सुद्दा. फडकं हातात.

गोठ्यातल्या बोलण्यातलं शालनला काय ठावं न्हाय. सुरेखाला बी न्हाय. मी सांगणार न्हाय. माझं न्हाय ते सांगायचं.

मसाल्याचं दूध संपवूनच चारच्या गाडीनं गेल्या, चांद उगवायच्या आदीच. चांदाला काय, त्यो आजऱ्यात बी दिसतोय.


९ ऑक्टोबर, गुरुवार

आज फोन इनबाईंचाच. दर वक्ताला शालन लावती न् त्या मागनं बोलत्यात. आज स्वता. मी गवऱ्या थापत हुती, शेणाचा हात, जुईनं कानाला धरला फोन. मी म्हटलं जा बाय तू आत, न् फोन खांद्यानं दाबला.

रविवारी येतो म्हटल्या. मशीन घिऊन. तिघं बी.

हळूच इचारलं, दत्ताला सांगितलंसा का? म्हटल्या न्हाय अजून. घरात बोलाय गेलं की कोण ना कोण येतं. गाडीत सांगीन. आजरा सुटला की. गाडीतनं उठून जाईल कुठं त्यो?

मी म्हटलं, गाडी कोण चालवणार?

दत्ताच, म्हटल्या.

मी म्हटलं मग चालत्या गाडीत नगो. चा प्याला थांबाल तवा सांगा. त्या म्हटल्या चा कुठं प्याचा, निपाणीला का गडहिंग्लजला. मी म्हटलं गडहिंग्लजलाच प्या, म्हंजे फुडची वाट त्याला इचार कराय ऱ्हाईल. मग म्हटल्या, "आन् त्यानं तिथनंच गाडी माघारी फिरवली तर?"

मी म्हटलं न्हाय फिरवायचा. पण मला काय ठावं. शांत पोरगा हाय, पण वर्षभर बोलणं खाल्लंय त्यानं.

सुरेखानं रविवारसाठी गमबूट हुडकून ठेवलेत, शालनच्या मापाचं. मी तांदूळ निवडून ठेवला. चार मुठी जास्तच.

रविवार, १२ तारीख. तिघं म्हटल्यात.